रविवारच्या मीटिंगआधी हे वाचून घ्या
नमस्कार सगळ्यांना, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता ऑनलाइन मीटिंग आहे, विषय लैंगिक अत्याचारानंतरचे उपचार. हॉस्पिटलला सोबत जाणाऱ्या व्हॉलंटियर्सनी यायचंच आहे. तोवर एवढं लक्षात ठेवा:

- वेळ सगळ्यात महत्त्वाची. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, कोर्स २८ दिवसांचा असतो आणि तो मधेच सोडायचा नाही. गर्भधारणा टाळायची गोळी ५ दिवसांपर्यंत घेता येते, पण उशीर झाला की परिणाम कमी होतो.
- जमलं तर तपासणीआधी अंघोळ नको, कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. अंघोळ झालीच असेल तर बोल लावू नका, हॉस्पिटलला तरीही जायचंच.
- तपासणीतल्या कुठल्याही भागाला नाही म्हणता येतं, हे त्या व्यक्तीला आधीच सांगा.
- "तिथे गेलीच कशाला", "ओरडली का नाहीस" असलं काही कृपया कोणीही विचारू नका, पुरुषांवरही अत्याचार होतात, त्यांनाही हेच लागू. नुसतं शेजारी बसून ऐकलंत तरी खूप आधार वाटतो.

कोणाचंही नाव, फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत मला मेसेज करा.