आंबोलीच्या सड्याविषयी मित्रास पत्र

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मे महिन्यात सावंतवाडीहून बेळगावकडे जाताना तू आंबोलीला थांबलास, मी ज्याच्याविषयी सतत बोलत असतो तो सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे उघडे कातळपठार, मुद्दाम पाहिलास, आणि तुला दिसला तो निव्वळ काळवंडलेला, तापलेला जांभा. 'या ओसाड कातळात तुझा जीव एवढा का अडकला आहे?' हा तुझा प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून त्याचे उत्तरही सविस्तर लिहितो.

त्या कातळावर आंबोली टोड राहतो. टोड म्हणजे भेक, खरखरीत कातडीचा बेडूक. हा जेमतेम अंगठ्याएवढा असतो. रंगाने तपकिरी, आणि कुशीवर वाघाच्या पट्ट्यांची आठवण करून देणारे पिवळे पट्टे. त्यावरूनच त्याला 'झँथोफ्रायनी टायगेरिना' हे शास्त्रीय नाव मिळाले. त्यातल्या पहिल्या ग्रीक शब्दाचा अर्थच 'पिवळा भेक' असा आहे. २००९ साली डॉ. सत्यभामा दास बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. एवढ्या वर्दळीच्या घाटरस्त्याशेजारी राहणारा हा जीव तोवर विज्ञानाला वेगळा म्हणून माहीतच नव्हता, याचे मला अजून नवल वाटते. त्याच्या वंशात (जीनसमध्ये) दुसरा एकच सदस्य आहे, तो म्हणजे १९६३ साली वर्णन झालेला कोयना टोड. ही दोन्ही भावंडे सह्याद्रीबाहेर कुठेही आढळत नाहीत, आणि आंबोलीचा टोड तर या डोंगरमाथ्याच्या लहानशा टापूपुरताच उरला आहे. आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे.

तू पाहिलेला सडा वर्षाचे कित्येक महिने खरोखरच तसा असतो. पण समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीच्या या माथ्यावर वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि पहिल्या सरींनी जांभ्यातले खळगे भरले की उन्हाळाभर कुठेही न दिसलेले टोड काही रात्रींपुरते त्या पाण्यापाशी गोळा होतात. ते पाणी किती असते म्हणशील, तर काही ठिकाणी बोट बुडेल न बुडेल इतकेच. त्यातच मादी अंडी घालते, आणि शाळेत आपण ज्यांना भैकेर म्हणून शिकलो ती शेपटीवाली पिल्ले त्यातच वाढतात. खळगा आटण्याआधी त्यांना पाय फुटले पाहिजेत, कारण पावसाने उघडीप दिली आणि ऊन लागून राहिले, तर सगळी वीण जागच्या जागी सुकते. मोठ्या तळ्यात पिल्ले खाणारे मासे असतात. ते या उथळ पाण्यात नसतात, पण त्या सुरक्षिततेची किंमत ही अशी मोजावी लागते. म्हणून पावसाचे वेळापत्रक बिघडल्याच्या बातम्या वाचताना मला शेतकऱ्याबरोबर हे खळगेही आठवतात.

सातबाऱ्यावर अशा कातळाची नोंद बहुतेक वेळा 'पोटखराब' अशी होते, आणि मला सर्वांत जास्त सलतो तो हा शब्द. जी जमीन पिकत नाही ती निरुपयोगी, एवढाच त्याचा हिशेब. मग खाण असो, बांधकाम असो किंवा कातळ फोडून आणि बाहेरची माती ओतून केलेली बाग असो, तिथे आधी काही होते का, हे कोणी विचारत नाही. जवळच हिरण्यकेशीच्या उगमापाशी, महादेवाच्या देवळाच्या कुंडात सापडलेल्या माशाचे वर्णन २०२० साली झाले आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. त्या माशाला देवाचा आसरा होता. उघड्या कातळाला असा राखणदार नाही. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणे जागतिक वारसा यादीत घेतली, त्यांत कोयना आणि चांदोली आहेत, म्हणजे थोरल्या भावाचे घर आहे, आंबोली नाही.

आणि मग रस्ता. पावसाळ्यात धबधब्यासाठी येणाऱ्या गाड्यांची रांग तू पाहिलेली नाहीस. नेमक्या ज्या ओल्या रात्री बेडूक आणि टोड बाहेर पडतात, त्याच रात्री त्या गाड्या धावत असतात. गेल्या पावसात मी बॅटरी घेऊन रस्त्याच्या कडेने चालत होतो. चिरडलेले जीव मोजायला सुरुवात केली आणि थोड्याच अंतरावर मोजणे सोडून दिले. ज्याचे सारे जग एवढ्याशा टापूत मावते, त्याच्या विणीच्या रात्रीच गेलेल्या एका मादीची भरपाई कुठून व्हायची?

तेव्हा तू जूनमध्ये ये, ही माझी विनंती आहे. आपण सड्यावर पायीच जाऊ. खळग्यात पाय पडणार नाही याची काळजी घे, आणि सुटा दगड उलटून पाहण्याचा मोह आवर, कारण कोरड्या दिवसांत त्याखालच्या ओलीतच लहान जीव तग धरतात. घाटावर पहिला पाऊस झाला की मी तुला फोन करीन. त्या रात्रीच निघू नकोस; दुसऱ्या दिवशी उजेडात घाट चढ.

तुझा,
अरविंद