बॅलार्ड इस्टेटमधल्या उजेडाविषयी मित्रास पत्र

मुंबई

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

शाहूपुरीतली जुनी जागा तू कार्यालयासाठी घेतलीस हे कळून फार आनंद झाला. फर्निचर काय घ्यावे, असे तू विचारले आहेस. पण टेबलांची ऑर्डर देण्याआधी आमची फजिती वाच.

आमचे कार्यालय बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे. जॉर्ज विटेटच्या आराखड्यानुसार 1914 ते 1918 या काळात उभ्या राहिलेल्या या वसाहतीत खिडक्या चांगल्या उंच आहेत, पण आमच्या आधीच्या भाडेकरूने एसीसाठी आठ फुटांवर फॉल्स सीलिंग ठोकून त्यांचा वरचा भागच झाकून टाकला होता. खिडकीच्या वरच्या चौकटीच्या उंचीच्या साधारण दीड ते दोन पट अंतरापर्यंतच कामापुरता उजेड आत पोहोचतो, असा वास्तुरचनाकारांचा ठोकताळा आहे. सीलिंग काढल्यावर चौकट अकरा फुटांवर निघाली, म्हणजे एकही नवी खिडकी न पाडता उजेड चार-सहा फूट आत सरकला. एसीला आता जास्त उंच जागा थंड करावी लागते म्हणून विजेचे बिल थोडे वाढले, ते आम्ही सोसले.

त्यानंतर मात्र आम्ही घोडचूक केली. पार्टिशने पाडून चाकांची टेबले आणली आणि सगळ्यांना बाहेरचे झाड दिसावे म्हणून ती खिडक्यांकडे तोंड करून मांडली. खिडक्या पश्चिमेच्या. दुपारी चार वाजता उन्हाची तिरीप डोळ्यांवर येऊ लागली, आणि पंधरा दिवसांत आमच्याच लोकांनी त्या सुंदर काचांवर वर्तमानपत्रे चिकटवली! शेवटी टेबले खिडकीशी काटकोनात वळवली, म्हणजे खिडकी डोळ्यांसमोरही नाही आणि बसणाऱ्याच्या पाठीमागेही नाही, आणि काचांवर फिकट रोलर पडदे लावले. तेव्हा कुठे ते कागद निघाले. चिकटपट्टीचे डाग अजून आहेत.

चाकांच्या टेबलांची खरी अडचण वायरची असते. टेबल फिरते, भिंतीतला पॉइंट फिरत नाही. म्हणून फरशी बसवण्यापूर्वी जमिनीत दर सहा-आठ फुटांवर झाकणाचे सॉकेट घालून घे; आम्हाला ते नंतर सुचले आणि नवी फरशी फोडावी लागली.

‘कोणीही कुठेही बसावे’ ही योजनाही आम्ही हौसेने आणली. आमचे हिशेबनीस रोज सकाळी पावणेदहाला येऊन त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर दत्ताची तसबीर मांडतात आणि सहाला निघताना ती डब्याच्या पिशवीत घालून घरी नेतात. आठवडाभर ते पाहून मलाच ओशाळल्यासारखे झाले. आता बैठी कामे करणाऱ्यांची टेबले ठरलेली आहेत, फिरतीवर असणाऱ्यांसाठी सहा मोकळी आहेत, आणि प्रत्येकाला कुलपाचा खण आहे.

भिंती गेल्या की माणसे जास्त बोलतात, हेही तितकेसे खरे नाही. हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खुल्या मांडणीनंतर समोरासमोरचे बोलणे सुमारे 70 टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. आमच्याकडेही शेजारी बसलेला माणूस कानात इअरफोन घालून शेजाऱ्यालाच मेसेज करतो. त्यामुळे दार लागेल अशी एक खोली आम्ही परत बांधली, आणि आता तिच्यासाठीच रोज नंबर लागतात.

तू मे महिन्यात ये, पण दुपारी चारच्या सुमारास ये, म्हणजे ऊन नेमके कसे पडते ते डोळ्यांनी पाहशील. येताना जागेचा नकाशा आण आणि त्यावर प्रत्येक खिडकीची दिशा व वरच्या चौकटीची उंची लिहून ठेव. तोवर सुताराला आगाऊ रक्कम देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र