दिसत नाही म्हणून अंधारात ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात माजघराला खिडकी नाही. मोरी जवळ पडते म्हणून आत्याची खाट आम्ही तिथेच टाकली होती. डोळ्याच्या आतला पडदा झिजवणाऱ्या रेटिनायटिस पिग्मेंटोसा या आनुवंशिक रोगाने तिची नजर हळूहळू गेली. आधी रातांधळेपणा, मग नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढेच, आणि साठीनंतर तेही नाही. माजघरातला दिवा येता-जाता कोणी ना कोणी मालवायचे. ‘तिला काय उपयोग त्याचा?’ हे मी स्वतः म्हटलेले आहे, आत्याच्या देखत.

पुढे तिची झोप बिघडली. रात्री दोनला उठून ती अंथरुणात कापूस घेऊन वाती वळत बसे आणि दुपारी वरणभाताचे ताट पुढे असताना तिची मान खाली जाई. काही आठवडे असे चाले, मग आपोआप नीट होई, मग पुन्हा तेच. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, तर दिवसभर गुंगी. शेवटी ‘वय झाले’ म्हणून आम्ही नाद सोडला. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला मात्र आमचे सगळे घर दोन दिवस गच्चीवर असते. आत्याही खुर्चीत बसून पतंगांचा गलका ऐकत होती. त्या दोन्ही रात्री ती गाढ झोपली. मला वाटले, दमली असेल.

मी ३४ वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यात, प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोनच, दंडाकार आणि शंक्वाकार, अशी आकृती दरवर्षी फळ्यावर काढली. निवृत्तीनंतर रसेल फॉस्टर या ब्रिटिश शास्त्रज्ञाचे संशोधन वाचले आणि खडू हातात धरलेली ती सगळी वर्षे आठवली. आनुवंशिक रोगाने दृष्टिपटल झिजलेले उंदीरही उजेडाप्रमाणे आपले जैविक घड्याळ, म्हणजे झोपण्या-उठण्याच्या वेळा ठरवणारे शरीरातले घड्याळ, लावून घेतात, हे त्यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखवले. पुष्कळांना ते पटले नाही. १९९९ मध्ये त्यांनी या दोन्ही प्रकारच्या पेशी अजिबात नसलेले उंदीर घेतले. तरी घड्याळ उजेडाला प्रतिसाद देतच होते. डोळेच काढले की मात्र तो प्रतिसाद थांबे. म्हणजे डोळ्यात तिसरे काहीतरी होते.

ते मेलॅनोप्सिन. इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना हे प्रकाश टिपणारे द्रव्य १९९८ मध्ये आधी बेडकाच्या त्वचेत सापडले, मग माणसाच्या दृष्टिपटलात. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या गटाने सिद्ध केले की डोळ्यातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गँग्लियन पेशींपैकी हे द्रव्य असलेल्या काही मोजक्या पेशी स्वतःच प्रकाश ओळखतात. सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि मेंदूतल्या मुख्य घड्याळाला थेट निरोप धाडतात. ते घड्याळ बहुतेकांत २४ तासांहून थोडे मागे पडते, म्हणून त्याला रोज उजेड दाखवून मिळवून घ्यावे लागते. रोज अर्धा तास मागे पडले तर ४८ दिवसांत पूर्ण फेरा होतो. आत्याचे ते ‘आपोआप नीट’ मला इथे उलगडले.

२००७ मध्ये फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ८७ वर्षांच्या अंध बाईंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांच्या दंडाकार, शंक्वाकार पेशी निकामी झालेल्या, तरी निळा दिवा लागला आहे की नाही हे त्यांना सांगता येत होते. हे वाचून मी आत्याला विचारले. ती म्हणाली, “उजेड नाही रे दिसत. पण आभाळ भरून आलं की कळतं मला.” ते उन्हाच्या उबेवरूनही कळत असेल.

आम्ही खाट पुढच्या खोलीत हलवली. सकाळी साडेसातपासून दीड तास तिला ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसवतो आणि रात्री तिच्या खोलीतला दिवा वेळेवर मालवतो. महिनाभरात रात्रीच्या वाती थांबल्या. आता ती त्या सकाळी झोपाळ्यावर वळते. मी डॉक्टर नाही, आणि एका घरातला अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. काचबिंदूत तर गँग्लियन पेशीच मरतात, तेव्हा प्रत्येकाला असाच गुण येईल असे नाही.

पण नेत्रतज्ज्ञांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘आता काही करता येणार नाही’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवताना सकाळच्या उजेडाबद्दलही दोन वाक्ये सांगा. न दिसणारा डोळा काढायची वेळ आली, तर त्यात या पेशी शाबूत असू शकतात, हेही घरच्यांना कळू द्या. आणि ज्यांच्या घरी आत्यासारखे कोणी आहे, त्यांनी आज खाट कुठे आहे ते पाहावे. आम्हाला ती हलवायला दहा मिनिटे लागली, आणि सुचायला अकरा वर्षे.

एक निवृत्त शिक्षक,
दांडिया बाजार, वडोदरा