१७ मार्चची बैठक: पेयं आणि त्यांना शोभणारी गाणी

सप्रेम नमस्कार मंडळी,

सेंट पॅट्रिक्स डेची, म्हणजे आयर्लंडच्या सणाची, आपली बैठक १७ मार्चला संध्याकाळी ६ वाजता. यंदा प्रत्येक पेयासोबत त्याच्या चालीचं संगीत लावायचं ठरलंय.

सुरुवातीला आयरिश व्हिस्की, जिंजर एल आणि लिंबाची फोड. हलकं पेय, म्हणून सोबत जिग, म्हणजे आयरिश नाचाची उडती चाल. जिगचा ठेका ६/८. दादऱ्याची सवय असलेल्यांचे पाय आपोआप हलतील. कुणाकडे डफ असेल तर जरूर आणा, बोधरान या आयरिश चर्मवाद्याचा भाऊच तो. फक्त रीलचा, म्हणजे आयरिश नाचाच्या दुसऱ्या, जलद चालीचा, वेग वाढला की हात आवरा!

जेवणानंतर आयरिश कॉफी, म्हणजे व्हिस्की घातलेली गरम कॉफी, वर क्रीमचा थर. लिमरिक काउंटीतल्या फॉइन्सच्या विमानतळावर १९४० च्या दशकात जो शेरिडन या शेफने गारठलेल्या प्रवाशांसाठी केलेली. पेला आधी गरम पाण्याने विसळायचा, ब्राउन शुगर पूर्ण विरघळवायची, नाहीतर क्रीम बुडतं. क्रीम हलकंच फेटून उलट्या चमच्यावरून सोडायचं आणि मग ढवळायचं नाही. (गेल्या वर्षी मी ते इतकं फेटलं की लोकांनी चमच्याने खाल्लं. यंदा हे काम दुसऱ्या कुणीतरी घ्या.) या वेळी इलन पाइप्सवरची (आयरिश बॅगपाइपवरची) संथ धून, आणि कृपया गप्पा बंद.

न पिणाऱ्यांना तीच कॉफी, व्हिस्कीशिवाय. गाडी चालवणाऱ्यांनाही तीच, आग्रह चालणार नाही.

किती जण येणार ते १० मार्चपर्यंत कळवा. दोन जाड काचेचे पेले घरून आणा, मागच्या वेळी कमी पडले होते.