रक्ताच्या रिपोर्टला रुग्णाचे पुढचे वर्षही जोडा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

मी न्यूरो आयसीयूत काम करणारी परिचारिका आहे. मेंदूतला अन्युरिझम फुटलेले रुग्ण आमच्याकडे येतात. धमनीला फाटा फुटतो त्या जागी भिंत कमजोर होते, सायकलच्या जुन्या ट्यूबसारखा फुगा येतो आणि तो फुटला की मेंदूभोवतीच्या पोकळीत रक्त पसरते. सुमारे ३ टक्के प्रौढांच्या मेंदूत असा फुगा असतो. बहुतेकांचा आयुष्यभर फुटत नाही. ज्यांचा फुटतो ती बरीचशी माणसे पन्नाशीच्या आसपासची, हातीपायी धड, घर चालवणारी असतात. त्यांच्या रक्ताच्या तपासण्या आणि त्यांचे नंतरचे आयुष्य यांची सांगड कुणीतरी घालावी, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे.

फुग्याच्या मानेला शस्त्रक्रियेने क्लिप लागली किंवा नळीवाटे त्यात तारेची कॉइल बसली की नातेवाइकांना वाटते, सुटलो. आम्हाला मात्र साधारण चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत डोळ्यांत तेल घालून पहारा करावा लागतो. सांडलेल्या रक्तातल्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन मोकळे होते, दाह सुरू होतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त पुरेनासे होते. साधारण तीनातल्या एका रुग्णाला हा दुसरा तडाखा बसतो. तो कुणाला बसणार याचा अंदाज रक्तावरून आधीच बांधता येईल का, याचा शोध जगभर चालू आहे.

एक रात्र सांगते. या दुसऱ्या तडाख्याचे नुकसान कमी करणारे निमोडिपिन हे औषध दर चार तासांनी द्यायचे असते, २१ दिवस. त्यामुळे मध्यरात्रीही रुग्णाला उठवावेच लागते. संध्याकाळी वार आणि तारीख अचूक सांगणाऱ्या एका बाई रात्रीच्या डोसला उठवल्यावर नाव सांगायला अडखळल्या आणि चादरीची कड चाचपत राहिल्या. दोन्ही हात पुढे धरायला सांगितले, तर उजवा हळूहळू खाली येऊ लागला. रक्त पाठवले, सकाळी १३७ असलेले सोडियम १२९ वर आले होते. आता हा गोंधळ सोडियमचा, की रक्तवाहिनी आकसल्याचा, की दोन्हींचा? या आजारात लघवीवाटे मीठ आणि पाणी दोन्ही निघून जाऊ शकते. सोडियम कमी म्हणून पाणी तोडायचे, ही सवय इथे घातक ठरू शकते. अशा रुग्णांचे पाणी तोडल्यावर मेंदूचा भाग निकामी होण्याचे प्रमाण जास्त दिसले, हे १९८५ सालीच प्रसिद्ध झाले आहे. त्या बाईंना पाणी आणि मीठ दोन्ही दिले, रक्तदाब सांभाळला, लगेच स्कॅनला नेले. आकडा एकच असतो. तो कोणत्या आजारात, कोणत्या दिवशी आणि हाताची ताकद कशी असताना आला, यावर त्याचा अर्थ ठरतो.

म्हणूनच साध्या तपासण्यांना कमी लेखू नये असे माझे मत आहे. रोजच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे प्रमाण असते. त्यांचे गुणोत्तर वाढलेल्या रुग्णांची प्रकृती पुढे जास्त बिघडते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. दाह दाखवणारे सीआरपी, रक्ताच्या गुठळ्यांची खूण असलेले डी-डायमर, साखर आणि हृदयावरचा ताण दाखवणारे ट्रोपोनिन यांबाबतही तसेच निष्कर्ष आहेत. न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे नवे नाव आपल्या कानावर आले असेल. चेतातंतू तुटले की हे प्रथिन रक्तात उतरते आणि आता ते अगदी सूक्ष्म प्रमाणातही मोजता येते. पण स्टेरॉइड दिले तरी न्यूट्रोफिल वाढतात, छातीत जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी वाढते आणि वेगवेगळ्या यंत्रांवरचे ट्रोपोनिनचे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. या संदर्भाशिवाय नुसत्या आकड्यांचा ढीग जमवून काही हाती लागणार नाही.

मॅग्नेशियमची गोष्ट तर प्रत्येक धोरणकर्त्याने वाचावी. ज्यांच्या रक्तात मॅग्नेशियम कमी, त्यांची पुढची अवस्था वाईट, असे दिसले होते. मग ते शिरेतून दिले की रुग्ण सुधारतील, असे वाटणे साहजिक होते. २०१२ साली मॅश-२ या रुग्णांवरील उपचार-चाचणीचा निकाल आला: १,२०४ रुग्ण, आणि फायदा शून्य. रक्तातली खूण धोका दाखवते म्हणून ती दुरुस्त केल्याने धोका टळतोच असे नाही. उद्या कुणी आपल्या टेबलावर महागड्या किटची फाइल ठेवली, तर एवढेच विचारा, की हा आकडा कळल्यावर रुग्णाच्या उपचारात नेमके काय बदलणार?

आणखी एका गोष्टीची मला मनापासून भीती वाटते. वाईट आकडा दाखवून नातेवाइकांना ‘आता काही उपयोग नाही’ असे सांगितले जाईल. बेशुद्ध अवस्थेत आलेले, सर्वांत वाईट श्रेणीत नोंदलेले काही रुग्ण उपचारांनंतर चालत घरी गेलेले मी पाहिले आहेत. आज अशी एकही रक्तचाचणी नाही, जिच्या एकटीच्या बळावर उपचार थांबवावेत. आपल्या खात्याच्या सूचनांमध्ये हे वाक्य ठळक अक्षरांत यायला हवे.

आता घरी गेलेल्यांविषयी. रुग्ण स्वतःची कामे स्वतः करू लागला की रँकिन स्केलवर, म्हणजे परावलंबित्व मोजणाऱ्या पट्टीवर, त्याची नोंद ‘चांगली’ अशी होते. पण फॉलोअपला येणारी ही ‘चांगली’ माणसे काय सांगतात? दोघे एकदम बोलले तर डोक्यात काही शिरत नाही. पानभर वाचले तरी सुरुवात आठवत नाही. दुपारपर्यंत इतके थकायला होते, की पुन्हा कामावर जाणे झेपत नाही. घरचे म्हणतात, आळशी झालाय. काहींना नैराश्य येते, काहींच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची हार्मोन्स कमी पडतात. त्यामुळे कॉर्टिसॉल आणि थायरॉइड पाहणे गरजेचे असते, पण ते कुणाला सुचत नाही, कारण तोवर रुग्ण आमच्या हातून निसटलेला असतो. डिस्चार्ज कार्डावर सगळे रिपोर्ट असतात. वर्षभराने त्या माणसाचे काय झाले, हे कुठेच नोंदलेले नसते. या आजारात हिमोग्लोबिन किती राखावे हे पाहणाऱ्या साहारा या उपचार-चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात ७४२ रुग्ण घेतले होते आणि प्रकृती १२ महिन्यांनी तपासली. दोन गटांतला फरक निर्णायक ठरला नाही, पण मोजमाप योग्य वेळी झाले होते.

म्हणून विनंती अशी की या रुग्णांची एक सामायिक नोंदवही सुरू करावी. रक्तस्राव कधी झाला, रुग्ण कोणत्या श्रेणीत आला, कोणता उपचार झाला, रक्त कोणत्या दिवशी आणि किती वाजता काढले, तेव्हा संसर्ग होता का, स्टेरॉइड चालू होते का, हे त्यात असावे. त्याला तीन महिन्यांची आणि एक वर्षाची स्थिती जोडावी: स्मरणशक्ती, थकवा, मनःस्थिती आणि कामावर परतणे. संमती मिळाली तर रक्ताचा थोडा नमुना जपून ठेवावा, म्हणजे उद्याची नवी चाचणी आजच्या नमुन्यांवर पारखता येईल.

यातल्या बहुतेक तपासण्या आम्ही रोज करतोच, नवे यंत्र लागणार नाही. लागेल ते माणूसबळ. प्रत्येक न्यूरो केंद्रात फॉलोअपसाठी एक स्वतंत्र पद मंजूर करा. घरी फोन करणारी, प्रश्न विचारणारी, उत्तर ऐकून नोंद करणारी आणि गरज दिसली की रुग्णाला परत बोलावून घेणारी एक व्यक्ती. वॉर्डातल्या परिचारिकेच्या ड्युटीवर हे काम लादू नका. रात्री त्या बाईंचा खाली येणारा हात कुणाच्या तरी नजरेला पडायला हवा असतो.

आपली नम्र,
न्यूरो आयसीयूतील एक परिचारिका