बाबा, मेंडोलिन घेताय तर

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, मेंडोलिन शिकायचं ठरवलंत हे आईने सांगितलं आणि मनापासून आनंद झाला. आयुष्यभर भजनाला पेटीवर साथ केलीत, त्यामुळे सूर कानात पक्के आहेत. म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र, आणि दुकानात जायच्या आधीच वाचा. नवशिका मेंडोलिन सोडतो तेव्हा "बोटं फार दुखतात" हेच त्याच्या तोंडी असतं. साठीच्या पुढचा माणूस तर दोष वयालाच देतो आणि वाद्य कपाटावर ठेवतो. बहुतेक वेळा दोष वयाचा नसतो. तारा पडद्यांपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, गरजेपेक्षा उंच असतात, एवढंच.

म्हणून दुकानात पॉलिश आणि नक्षी बघू नका, स्टीलची पट्टी घेऊन जा. बाराव्या पडद्याचा माथा आणि तारेची खालची कड यांतलं अंतर मोजा. बारीक तारेखाली साधारण दीड मिलिमीटर आणि जाड तारेखाली दोन मिलिमीटर असेल तर उत्तम. तीन-साडेतीन भरलं तर त्या वाद्यावर तरुण माणसाचीही बोटं सोलतील. मग खुंट्यांकडची खाचांची पट्टी बघा, तिला नट म्हणतात. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर किती फट राहते ते पाहा. जाड कागद सरकेल इतकीच हवी. फट मोठी असेल तर पहिल्या दोन-तीन पडद्यांवर जास्त जोर लागतो, आणि तार जास्त वाकल्यामुळे सूरही चढा लागतो. तुमच्या कानाला ते लगेच खटकेल आणि तुम्हाला वाटेल बोट चुकतंय.

दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात. बऱ्याच मेंडोलिनच्या घोडीला, म्हणजे वाद्याच्या पोटावर तारा पेलणाऱ्या लाकडी आधाराला, दोन बाजूंना फिरकीची चाकं असतात, ती फिरवून उंची कमी होते. मात्र फिरवण्याआधी तारा सैल करा, नाहीतर आटे जातात. नटच्या खाचा मात्र स्वतः घासू नका. एकदा जास्त घासली गेली की मोकळी तार खरखरते आणि नट बदलावी लागते. सांगलीहून मिरज किती लांब! सतार-तंबोरे घडवणाऱ्या हातांना हे काम नवं नाही. वाद्य थोडं स्वस्त घ्या, पण लावून घेण्यासाठी पैसे जरूर ठेवा. आणि चपट्या पाठीचंच घ्या. नेपल्सच्या पद्धतीचं भोपळ्यासारख्या पाठीचं वाद्य दिसायला सुरेख असतं, पण मांडीवरून घसरतं आणि ते सावरताना डावा हात आखडतो.

आता घोडीबद्दल, कारण पेटीवाल्याला ही गोष्ट अगदी नवी आहे. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने ती जागेवर उभी असते. म्हणून तारा बदलताना आठही एकदम काढायच्या नाहीत, घोडी निसटते आणि तिची जागा हरवते. एक जोडी काढा, नवी लावा, सुरात आणा, मगच पुढची. घोडी नेमकी कुठे हवी तेही तपासता येतं. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत साधारण साडेसतरा सेंटिमीटर भरतात, आणि तिथून घोडीपर्यंत जवळजवळ तेवढंच, किंचित जास्त. मग कानाने बघा. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा आणि बोट लगेच उचला, घंटेसारखा स्वर येईल. आता तिथेच तार दाबून वाजवा. दाबलेला स्वर चढा आला तर घोडी खुंट्यांपासून किंचित लांब सरकवायची, उतरता आला तर जवळ आणायची. वारंवार तारा ताणल्याने घोडी हळूहळू खुंट्यांच्या बाजूला झुकते, म्हणून महिन्यातून एकदा ती सरळ उभी आहे ना ते बघा.

तारा आठ, पण जोड्या चार. पेटीच्या हिशेबाने सांगते: जाडीकडून पहिली जोडी मंद्रातली पांढरी पाच, दुसरी मध्य सप्तकातली पांढरी दोन, तिसरी पांढरी सहा आणि सगळ्यात बारीक जोडी तार सप्तकातली पांढरी तीन. ट्यूनरवर, म्हणजे सूर दाखवणाऱ्या यंत्रावर, हेच जी ३, डी ४, ए ४, ई ५ असं दिसेल. अक्षराशेजारचा आकडाही बघत जा, कारण नुसतं अक्षर बघून बारीक तार वरच्या सप्तकात ओढली की ती तुटतेच. मोबाईलपेक्षा खुंट्यांच्या टोकाला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर घ्या. तो लाकडाची थरथर टिपतो, त्यामुळे कुकरची शिट्टी चालू असली तरी बिघडत नाही. जोडीतली एक तार ट्यूनरने लावा, दुसरी कानाने. दोन्ही एकत्र छेडल्या की आवाजात लाट जाणवेल. सूर जवळ येईल तशी लाट मंदावते आणि एका क्षणी थांबते, तिथे खुंटी सोडा. सूर नेहमी खालून वर आणा. वरून खाली आणलेली तार खुंटीच्या दात्यांतल्या ढिलाईमुळे थोड्या वेळाने आणखी उतरते.

तारांचा संच हलका मागा: बारीक तार ०.०१० इंच, जाड ०.०३४ इंच. जाड संचाचा आवाज भरदार असतो, पण सुरुवातीला बोटांवर त्याचा भार नको.

उजव्या हाताला घाई नको. पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, पातळ घेऊ नका, नाहीतर सुराबरोबर टकटक ऐकू येते. एक मिलिमीटरच्या आसपासची, न वाकणारी घ्या. तर्जनी दुमडा, तिच्या कडेवर पिक ठेवा, वरून अंगठा टेकवा आणि टोक चार-पाच मिलिमीटरच बाहेर ठेवा. पकड इतकीच घट्ट की पिक पडू नये. हालचाल मनगटातून, कोपरातून नाही. तळवा घोडीवर टेकवला की आवाज दबतो. घोडीजवळ छेडलं तर आवाज कोरडा येतो, म्हणून गोल छिद्राच्या आसपास छेडा. खालचा आघात 'दा', वरचा 'रा', आणि प्रत्येक आघाताला जोडीतल्या दोन्ही तारा वाजल्या पाहिजेत. 'रा'ला एकच तार लागणं हे नवशिक्याच्या हाताचं ठरलेलं लक्षण. पहिला आठवडा डावा हात लावूच नका. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून मोकळ्या तारांवर दा-रा करा, दोन्ही आघात सारखे ऐकू येईपर्यंत.

डाव्या हाताची नखं कापलेली हवीत. बोट पडद्यावर नाही आणि दोन पडद्यांच्या मधोमधही नाही, पडद्याच्या अगदी अलीकडे ठेवायचं. तिथे कमीत कमी जोर पुरतो. मागे राहिलं तर तार खरखरते, आणि माणूस ती थांबवायला आणखी दाबतो. दाब किती हवा ते असं शोधा: स्वर वाजवत बोट हळूहळू सैल करा, खरखर सुरू झाली की किंचित दाबा. तेवढाच. वाद्याची मान तळव्यात धरू नका. पट्टा बसूनही लावा म्हणजे डाव्या हाताला वाद्य पेलावं लागत नाही. आणि जमिनीवर मांडी घालण्याचा हट्ट नको, बिनहाताची खुर्ची घ्या.

आता तुमच्या आवडीचं. एक पडदा म्हणजे पेटीची एक पट्टी, काळी धरून. सा पांढरी दोन धरा. त्या जोडीवर मोकळी तार सा, दुसरा पडदा रे, चौथा ग, पाचवा म. पुढच्या जोडीवर मोकळी तार प, दुसरा ध, चौथा नी, पाचवा तार सा. बिलावल तयार झाला, आणि दोन्ही जोड्यांवर पडदे तेच! दुसऱ्यावर तर्जनी, चौथ्यावर मधलं बोट, पाचव्यावर अनामिका. म आणि नी सोडलात की भूप, ग आणि नी सोडलात की दुर्गा. यमनसाठी तीव्र म सहाव्या पडद्यावर. ठिपके पाचव्या, सातव्या, दहाव्या आणि बाराव्या पडद्याशी असतात. गिटारवर दहाव्याऐवजी नवव्याला असतो, तेव्हा गिटारच्या शिक्षकाकडे गेलात तर हे लक्षात असू द्या.

आई, हे तुझ्यासाठी. तू पांढरी पाचमध्ये गातेस ना? बाबांनी तोच भूप एक जोडी जाडीकडे सरकवायचा, बोटं जशीच्या तशी. सूर मंद्रात येतील, पण तुझ्या आवाजाखाली छान बसतील. व्हायोलिनच्या तारांची मिळवणीही हीच असते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत मेंडोलिन वाजवायचे आणि प्यारेलाल व्हायोलिन, म्हणजे दोघांच्या डाव्या हाताखाली स्वरांच्या जागा एकाच क्रमाने होत्या.

बाबा, एका गोष्टीची मनाची तयारी असू द्या: सतारीसारखी मींड, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाणं, इथे मिळणार नाही. जोडीच्या दोन ताठ तारा एकत्र ओढल्या जात नाहीत. यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी इलेक्ट्रिक मेंडोलिनवर जोड्या काढून पाच एकेरी तारा घेतल्या, त्याचं एक कारण हेच. तुम्ही बोट एका पडद्यावरून दुसऱ्यावर घासत न्या, आणि कण, म्हणजे ओझरता स्वर, घ्यायचा तर वरचं बोट नुसतं आपटून उचला. तारा आखूड असल्याने स्वर लवकर विरतो, म्हणून लांब स्वरासाठी दा-राची सलग झड घेतात, ट्रेमोलो. सज्जाद हुसेन यांचं मेंडोलिन ऐका, त्या झडीत किती गायकी मावते ते कळेल. पण ती तिसऱ्या महिन्यात. मेट्रोनोमच्या ६० वर एका ठोक्याला चार आघात सारखे पडू लागले की मग सहा. आधी केलीत तर हात आवळून थरथरवण्याची सवय लागते आणि ती सुटायला फार जड जाते.

सराव पंधरा-पंधरा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. सकाळी बोटं आखडलेली असतील तर आधी कोमट पाण्यात धरा. बोटांच्या टोकाची कातडी पहिले दोन-तीन आठवडे हुळहुळेल, मग घट्ट होते, त्याला घाबरू नका. सांधा दुखला किंवा बोटात मुंग्या आल्या तर मात्र लगेच वाद्य खाली ठेवा आणि ते थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने खालूनही पुसा, घाम राहिला की गंज धरतो. उन्हात किंवा बंद गाडीत वाद्य ठेवू नका.

वाद्य पसंत पडलं की घोडीचा आणि बाराव्या पडद्याचा बाजूने काढलेला फोटो पट्टीसकट पाठवा, पैसे द्यायच्या आधी. आई, तेवढं तू बघशील ना?

तुमची लेक