दुधाची तपासणी धारेपासून सुरू व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुंबईत भेसळीच्या दुधावर छापे पडल्याच्या बातम्या वरचेवर येतात आणि त्या यायलाच हव्यात; परंतु ज्यात पाण्याचा थेंबही मिसळलेला नाही असे दूधसुद्धा अस्वच्छ हातांनी काढलेले असेल तर आरोग्यास अपायकारक ठरू शकते, याची चर्चा मात्र होत नाही. मी अनेक वर्षे दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे आणि आजही घराजवळच्या तबेल्यातून म्हशीच्या दुधाचा रतीब घेतो, म्हणून हे लिहीत आहे.

परवा पहाटे धारेच्या वेळी मी तेथे उभा होतो. धार काढणाऱ्याने चरवीतल्याच दुधात बोटे बुडवून सड ओले केले, एकाच फडक्याने चार म्हशींची कास पुसली आणि एका म्हशीकडून दुसरीकडे जाताना हात धुतले नाहीत. कासदाहाचे, म्हणजे कास सुजण्याच्या रोगाचे, जंतू पसरतात ते बहुतांशी अशाच हातांवरून आणि फडक्यांवरून. अंगठा दुमडून सड पिळण्याची सवयही सर्रास आढळते. तिने सडाला आतून इजा होते आणि जंतूंना वाट मिळते. पूर्ण मुठीने, कोरड्या हातांनी धार काढणे जनावरालाही सुखाचे असते. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपड्यावर किंवा वाटीत घेऊन गुठळ्या दिसतात का ते पाहावे, त्या चरवीत जाऊ देऊ नयेत. धार संपल्यावर सडाचे छिद्र सुमारे अर्धा तास उघडे राहते, म्हणून सड आयोडिनच्या द्रावणात बुडवून लगेच वैरण टाकावी, म्हणजे म्हैस शेणामुतात बसत नाही. यातील कशालाही मोठा खर्च नाही.

‘उकळले की सारे मरते’ हा समज घरोघरी आहे. उकळल्याने बहुतेक जंतू मरतात हे खरे, पण काही जंतूंनी आधीच दुधात सोडलेले विष उष्णतेलाही टिकते, आणि आजारी जनावराला दिलेल्या प्रतिजैविकांचे अंशही उकळून पुरते जात नाहीत. शिवाय दूध कासेतून अंगाच्या उबेचे येते. ते लगेच ४ अंशांपर्यंत थंड केले नाही तर जंतू झपाट्याने वाढतात, आणि मुंबईच्या दमट हवेत तर फारच.

दोष एकट्या धार काढणाऱ्याचा नाही. त्याला ठरावीक वेळात अनेक म्हशी उरकायच्या असतात आणि जवळ नळ असतोच असे नाही. दुधाचा भाव ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर (म्हणजे स्निग्धांश सोडून उरणाऱ्या घन घटकांवर). स्वच्छतेला चार पैसे जास्त मिळत नाहीत. वास्तविक मिथिलिन ब्लू चाचणी सोपी आणि स्वस्त आहे. तीत दुधात निळा रंग मिसळतात आणि जंतू जितके जास्त तितका तो लवकर उडतो: रंग पाच तासांहून अधिक टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासातच उडाला तर वाईट. संकलन केंद्रांनी या चाचणीनुसार भावात फरक केला, तर तबेल्यांचे मालक स्वतःहून साबण आणि स्वच्छ फडकी आणतील, असा माझा अनुभवावरून विश्वास आहे.

शहरातले गोठे हलवून म्हशी स्वच्छ जागी ठेवाव्यात, याच हेतूने १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली. त्याच मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनी पहाटेच्या धारेला तबेल्यांत जाऊन धार काढणाऱ्यांना त्यांच्या हिंदीतून ही पद्धत प्रत्यक्ष करून दाखवावी आणि दुग्धविकास विभागाने प्रत्येक तबेल्यात धारेच्या जागी पाण्याचा नळ बंधनकारक करावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, गोरेगाव, मुंबई